मुखपृष्ठावरची उडवी

पळसदरीचा प्रवीण ठोंबरे गेली अकरा वर्षं न बांधलेल्या घरांची चित्रं काढतो. कर्जत-खोपोली रस्त्यावर जागोजाग जे मोठाले फलक दिसतात, हिरवळीवर बंगला, शेजारी निळाशार तलाव, छत्रीखाली सरबत पिणारं गोरंगोमटं जोडपं, त्यांतले निम्मे तरी त्याच्या घरातल्या मागच्या खोलीत जन्माला आलेले. बिल्डर जागेचा नकाशा पाठवतो आणि प्रवीण कॉम्प्युटरवर त्या उजाड माळावर भिंती उभ्या करतो, झाडं लावतो, ऊन पाडतो. गावात त्याला थ्रीडीवाला म्हणतात. इतक्या वर्षांत एकाही फलकावर त्याचं नाव आलेलं नाही. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'चित्र काल्पनिक' एवढं मात्र न चुकता येतं.

या धंद्याचा एक नियम आहे आणि तो प्रवीणच्या बोटांत मुरलेला आहे. जे दिसणार नाही ते बांधायचं नाही. त्याच्या बंगल्यांना मागची भिंत नसते, कपाटात काही नसतं, झाडाची पलीकडची पानं काढून टाकलेली असतात. सगळी शोभा बघणाऱ्याच्या बाजूला. असं केलं की मशीनवरचा भार हलका होतो आणि चित्र लवकर तयार होतं. त्यात पाप काही नाही, सगळेच तसं करतात.

त्याच्या वडिलांना, भिवाजींना, हे काम बरीच वर्षं समजलंच नव्हतं, आणि समजलं तेव्हा भलत्या ठिकाणी समजलं. सात वर्षांपूर्वी त्यांची ओढ्याकडची खालची जमीन चुलतभावांच्या जमिनींसकट एका बिल्डरकडे गेली. सगळ्यांनी सह्या केल्या, भिवाजी तेवढे अडून बसले होते, आणि "करून टाका सही" म्हणत आठवडाभर त्यांच्या मागे लागलेला माणूस म्हणजे प्रवीणच. पुढे त्या योजनेचं चित्रही त्यालाच मिळालं. फलक लागला त्या दिवशी भिवाजी रस्त्याला उभे राहून बराच वेळ तो बघत होते. घरी येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "आपलं खळं कुठं हाय रं त्यात?"

खळ्याच्या जागी प्रवीणने पोहण्याचा तलाव काढला होता. नकाशात तसंच होतं आणि त्याने तसं सांगितलंही. भिवाजींनी मान हलवली, पायरीवर बसून तंबाखू मळली आणि त्यानंतर मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला दोघं शेजारी बसतात, पाऊसपाण्याचं बोलतात. प्रवीणच्या कामाचा विषय तेवढा त्या घरात निघत नाही.

अशा माणसाला गेल्या भाद्रपदात खालापूरहून फोन आला. बोलत होते पोपटराव मोडक. कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ बावीस वर्षं 'घाटपायथा' नावाचा दिवाळी अंक काढतात. अंकाचं ऑफिस म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानाचा पोटमाळा. यंदाचा अंक 'खळं' या विषयावर होता आणि मुखपृष्ठ थ्रीडी हवं होतं.

"नुसतं रंगवलेलं नको," पोपटराव म्हणाले. "हात घातला तर भाताच्या राशीत कोपरापर्यंत जाईल असं वाटलं पाहिजे. आणि तुमचं नाव आत पहिल्या पानावर येईल, ठळक."

प्रवीणने फोन ठेवला. नावाचा आनंद होताच, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली होती. हे खळं तो आपलं खळं म्हणून काढणार होता, ओढ्याच्या वळणावरचं, आंब्याखालचं. अंक छापून आला की बाबांच्या हातात द्यायचा. बोलायचं काही नाही. ज्या हातांनी तलाव काढला त्याच हातांनी खळं परत काढलं, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायचं, बस्स. सात वर्षं छातीवर बसलेला धोंडा उतरवायची ही एकच संधी होती. ती हुकली तर दुसरी येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मग बाबांनाच विचारा की," नम्रता म्हणाली. नम्रता ही त्याची बायको. कर्जतला औषधांच्या दुकानात ती कामाला आहे आणि कोणत्याही दुखण्यावर सरळ औषध सांगायची तिला सवय आहे. "कुठं काय असायचं, कसं असायचं. त्यांच्याएवढं कोणाला माहीत असणार?"

"विचारलं तर मग त्यात काय राहिलं? मला त्यांना आयतं दाखवायचंय."

"दाखवा आयतं. पण बरोबर दाखवा."

"मी काय मुंबईहून आलोय काय? लहानपण गेलंय माझं त्या खळ्यावर."

लहानपण गेलं होतं हे खरं. पण लहानपणी हे महाशय खळ्यावर काय करत होते, तर पेंढ्याच्या ढिगावरून घसरत होते. आठवीपासून कर्जतची शाळा, मग क्लास, मग कॉम्प्युटर. भाताची कापणी-झोडणी आली की प्रवीणची सहामाही परीक्षा यायची, आणि "तू अभ्यास कर रं" म्हणून भिवाजीच त्याला घरी ठेवायचे. आता गावात सगळं यंत्राने होतं. बघून यावं म्हटलं तरी सारवलेलं खळं पंचक्रोशीत उरलेलं नव्हतं. प्रवीणने इंटरनेटवर फोटो शोधले. मिळाले ते बंगालचे, पंजाबातल्या गव्हाचे, एक तर थेट जपानचा. त्यांतून आणि आठवणीतून त्याने खळं जुळवायला घेतलं.

काम त्याने जीव ओतून केलं, हे त्याच्या दुश्मनानेही मान्य करावं. भाताच्या एका लोंबीवर तीन दिवस गेले. दाणा न् दाणा वेगळा, त्यावरची बारीक लव वेगळी, वजनाने वाकलेला देठ वेगळा. अशा लोंब्यांचा एक भारा बांधला. मग त्या भाऱ्याच्या चारशे प्रती काढून, त्या गोल गोल एकावर एक चढवत त्याने उडवी रचली. कापलेलं भात झोडायला घेईपर्यंत भारे असे रचून ठेवतात, त्या उंच ढिगाला इकडे उडवी म्हणतात. उतरतं ऊन त्याने बरोबर उडवीवर घेतलं. लोंब्या सोन्यासारख्या झळकल्या. पडद्यावरचं ते चित्र बघून त्याचा त्यालाच गहिवर आला.

चित्र खालापूरला गेलं आणि छळ सुरू झाला.

पोपटरावांनी ते खालच्या दुकानात छापून घेतलं, त्यावर लाल पेनाने गोल मारले, त्या कागदाचा तिरका फोटो काढला आणि तो व्हॉट्सअॅपवर पाठवला. सोबत कचेरीच्या भाषेत शेरा. सूर्य दिसून येत नाही. बैलजोडी आढळून येत नाही. सदर चित्रात स्त्री नसल्याने महिला वाचकवर्ग नाराज होण्याची शक्यता आहे. एकंदर चित्र काळपट वाटते. त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.

"सर, तुम्ही काळी-पांढरी प्रिंट काढलीय," प्रवीणने फोन करून सांगितलं. "काळपट नाही तर काय दिसणार?"

"असं आहे होय," पोपटराव म्हणाले. "तरी जरा उजळ कराच."

बैल काढायला आठ दिवस लागले. थ्रीडीत बैल म्हणजे चेष्टा नव्हे. आतून हाडं, त्यावर मांस, त्यावर कातडी, मग वशिंड, मग शेपटीचा गोंडा. संपादक मंडळाचं म्हणणं पडलं की बैल रोडावलेले दिसतात, त्याने शेतकऱ्याचा अपमान होतो. प्रवीणने बैल धष्टपुष्ट केले. मग मंडळाला त्या म्हशी वाटू लागल्या. मंडळातल्या एका कवीने, अंकाबरोबर तो लाल-निळा चष्मा फुकट मिळणार का, अशी चौकशी केली. पुढे नऊवारीतली बाई आली, आणि दिवाळीचा अंक आहे म्हणून तिच्या हातात पेटत्या पणत्यांचं तबक आलं.

"सर, पेंढ्याशेजारी पणत्या?" प्रवीण म्हणाला. "खळ्याला आग लागेल."

"चित्रातल्या पणतीने लागते होय आग?" पोपटराव हसले.

प्रत्येक बदलानंतर कॉम्प्युटरला सगळं ऊन, सगळ्या सावल्या नव्याने मोजून पक्कं चित्र बाहेर काढावं लागायचं, आणि त्याला नऊ तास लागायचे. सकाळी सातला लावलं की दुपारी चारला तयार. पळसदरीची वीज तीनलाच जायची. रोज नाही, फक्त ज्या दिवशी हे काम लावलेलं असेल त्या दिवशी. बॅटरी बारा मिनिटं टिकायची. बारा मिनिटं प्रवीण पडद्यासमोर हात जोडून बसायचा, मग पडदा काळा व्हायचा, आणि आठ तासांचं केलंसवरलं पाण्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. त्यातच जुन्या बिल्डरने क्लबहाऊसचं काम काढलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

प्रवीणला भूक लागेनाशी झाली. तो नम्रतावर खेकसायचा, फोनवर खेकसायचा, एकदा तर दारात आलेल्या भाजीवाल्यावर खेकसला. सहा आठवड्यांनी, छपाईला चार दिवस उरलेले असताना, पोपटरावांचा शेवटचा निरोप आला. मंडळाचं एकमत झालं होतं की चित्रात गर्दी झाली आहे. बैल काढावेत, बाई काढावी, पणत्या काढाव्यात. अगदी पहिलं होतं तसं करावं. एक मात्र मंडळाने आवर्जून कळवलं होतं, उडवी उत्तम झाली आहे, तिला हात लावू नये.

इथे मला पोपटरावांच्या लाल पेनाबद्दल थोडं बोलावंसं वाटतं. त्या पेनाने ढगांच्या आकारापासून आंब्याच्या पानापर्यंत सगळ्यात चुका काढल्या. अंकात खळ्यावर चार लेख होते आणि सहा कविता. कृषिसंस्कृती हा शब्द संपादकीयात अकरा वेळा होता. आणि सहा आठवड्यांत त्या उडवीवर एकही लाल गोल पडला नाही.

"एकदा बाबांना दाखवा तरी," चित्र पाठवायच्या सकाळी नम्रता पुन्हा म्हणाली. "बाहेर पायरीवरच बसलेत. दोन मिनिटांचं काम."

"आख्ख्या जगाने यात बोट घातलंय," प्रवीण ओरडला. "आता त्यांनीपण घालायचं का? मला नाय विचारायचं कोणाला."

खोलीचं दार उघडंच होतं. भिवाजी पायरीवर कोयता घासत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. नम्रता डबा घेऊन कामाला गेली आणि प्रवीणने चित्र पाठवून दिलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी खालापूरला प्रकाशन होतं. "मी काय करू तिथं?" म्हणून भिवाजींनी आढेवेढे घेतले, पण नम्रताने इस्त्रीची टोपी हातात दिल्यावर ते निमूट मोटरसायकलवर मागे बसले. सभागृहात त्यांना तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. प्रवीण चक्क व्यासपीठावर. त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला, पाहुण्यांनी भाषणात 'आपल्या मातीतला त्रिमितीचा जादूगार' म्हटलं. प्रवीणचं तिकडे लक्षच नव्हतं. अंक वाटत वाटत मुलगी तिसऱ्या रांगेपर्यंत आली होती, आणि तो बाबांकडे बघत होता.

भिवाजींनी खिशातून चष्मा काढला. अंक जवळ धरला, मग लांब धरला. आणि त्यांनी ओळखलं. व्यासपीठावरून स्पष्ट दिसलं, त्यांनी आंब्यावर बोट ठेवलं, मग ओढ्याच्या वळणावर, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला काहीतरी सांगू लागले. सात वर्षांत प्रवीणने बाबांना असं बोलताना बघितलं नव्हतं. सहा आठवड्यांचा सगळा मनस्ताप त्या एका क्षणात फिटला असं त्याला वाटलं.

मग ते बोट सरकत उडवीवर आलं आणि थांबलं. भिवाजी बोलायचे थांबले. त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि अंक मांडीवर पालथा घातला. काय झालं ते प्रवीणला कळेना.

कळलं ते चहाच्या वेळी. लोधिवलीचा गजा तिथे आला होता. गजा आणि भिवाजी जुने सावडकरी. एकमेकांच्या शेतावर कामाची फेड करत दोघांनी वीस वर्षं बरोबर घालवलेली. गजाला हळू बोलता येत नाही.

"भिवाजी, ही उडवी कुनी रचली रं?" अंक उंच धरून तो म्हणाला. "लोंब्या भायेर आन बुडं आत? पाखरांना जेवान घातलंय का? यक पाऊस पडला तर सगळं भात जाग्यावर उगवंल की."

चार जण वळले. मग दहा वळले. ज्यांनी हातात कधी विळा धरला होता त्यांना एका नजरेत पटलं. उडवी रचताना भाऱ्याचं बूड बाहेर ठेवतात आणि लोंब्या आत, म्हणजे दाणा पावसापासून आणि पाखरांपासून राखला जातो. बाहेरून बघणाऱ्याला खऱ्या उडवीवर एक दाणा दिसत नाही, नुसती कापलेली बुडं दिसतात. प्रवीणने सगळी शोभा बघणाऱ्याच्या बाजूला लावली होती. लोक आधी तोंड दाबून आणि मग मोकळेपणाने हसू लागले.

प्रवीणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा आठवडे त्याने मंडळाला शिव्या घातल्या होत्या, विजेला घातल्या होत्या, बैलांना घातल्या होत्या. आता शिवी घालायला माणूस शोधला तर तो शाल पांघरून स्वतःच उभा होता. आणि अंक छापून झालेला होता, त्याच्या नावासकट.

पोपटरावांचा चेहरा पडला. पण माणूस कचेरीत मुरलेला, जबाबदारी कोणावर टाकायची हे त्यांना चटकन सुचलं. "अहो प्रवीण," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोणाला विचारायचं तरी. घरात शेतकरी बाप असताना अशी चूक व्हावी?"

तेवढ्यात भिवाजींनी चहाचा कप बाकावर ठेवला.

"इचारलं व्हतं त्यानं," ते म्हणाले. "मलाच इचारलं व्हतं. मीच उलटं सांगितलं."

गजा त्यांच्याकडे बघतच राहिला. भिवाजीचा हात उडवीला लागावा म्हणून लोधिवलीपर्यंतचे लोक बोलावणं धाडायचे. त्यांनी शेंडा बांधलेली उडवी वादळात हलायची नाही, हे गजाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने एकदा भिवाजीकडे बघितलं, एकदा प्रवीणकडे, आणि अंक गुंडाळून काखेत मारला.

"वय झालं तुजं, भिवाजी," तो म्हणाला.

"व्हय. झालं," भिवाजी म्हणाले.

"चालायचंच," पोपटराव म्हणाले. "विसरतं माणूस या वयात." लोक पुन्हा हसले, या खेपेला भिवाजींना. भिवाजीही थोडं हसले आणि त्यांनी कप परत उचलला.

परतीच्या वाटेवर खोपोली मागे पडली. पुढे एका फलकापाशी प्रवीणने गाडी कडेला घेतली. त्याला वळून मागे बघवेना, म्हणून तो समोर रस्त्याकडे बघतच बोलला.

"बाबा, मी कधी विचारलं तुमाला?"

"नाय."

"मग तसं का सांगितलंत? आख्खा जन्म उडव्या रचल्या तुमी. उद्या लोधिवलीपासून पळसदरीपर्यंत सगळे हसतील तुमाला."

"हसू दे रं."

"पण का?"

भिवाजींनी मांडीवरची शाल-नारळाची पिशवी नीट केली. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"मग काय सांगायला पायजे व्हतं, चार लोकांत? येका घरात राहतो, ताटाला ताट लावून जेवतो, आन पोरगा मला काय इचारत नाय, आसं?"